शेवटचा चौकोन

२ नोव्हेंबर १९९८
लागली एकदाची नोकरी! वागळे इस्टेटमधला गाळा. खाली लेथ मशीनची घरघर, वर आमचं इंटरनेट. लिओ सर मालक आणि कामाला मी एकटी. कोपरला आमच्या अख्ख्या चाळीत आईने पेढे वाटले. सद्या, माझा धाकटा भाऊ, बारावीचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारा प्राणी, विचारतो, "ताई, तुझं इंटरनेट पेपर फोडतं का गं?"

पहिलं काम खाडीवरच्या कोळ्यांच्या मच्छीमार सोसायटीची वेबसाइट. कमिटीच्या सात जणांचे फोटो टेबलात, म्हणजे चौकोनांच्या तक्त्यात, बसवायचे, वर चार, खाली तीन. प्रत्येक पान दोन ब्राउझरमध्ये उघडून बघायचं. नवा ब्राउझर सगळं सांभाळून घेतो. जुना म्हणजे, लिओ सर म्हणतात, खडूस सासरा: पानाच्या कोडमधला एक टॅग बंद करायचा राहिला की ताट भिरकावतो. पण सोसायटीच्या ऑफिसात तोच आहे, तेव्हा मर्जी त्याचीच राखायची.

५ नोव्हेंबर
नव्या ब्राउझरमध्ये सातही चेहरे. जुन्यात सहाच! शेवटचा, होडीवाला नामा, गायब. मागे पांढरी जागासुद्धा नाही. हा माणूस कधी नव्हताच, असं पान मिटलेलं. टॅग सगळे बंद आहेत.

सोसायटीचे सेक्रेटरी भिवाजी यांना फोन केला, नामांचा फोटो संध्याकाळपर्यंत दिसेल म्हणून. ते म्हणाले, "कोन नामा? आमचे गावान नामा नावाचा कोनीच नाय." मला हसूच आलं. त्याच्या गळ्यात हात टाकून यांनीच तर फोटो काढून घेतलेला.

लिओ सरांनी बघितलं आणि म्हणाले, शुभदा, अगं आठवा चौकोन रिकामा आहे ना. रिकामा चौकोन जुना ब्राउझर गिळतो आणि जाताना शेजाऱ्यालाही ओढतो. काहीतरी टाक त्यात. पर्समध्ये सद्याचा फोटो होता, बारावीच्या फॉर्मसाठी काढलेला. स्कॅन करून तात्पुरता तोच टाकला. नामा हजर! आठव्या चौकोनाकडे कोण बघतंय?

थोड्या वेळाने भिवाजींचाच फोन. नामा रुसलाय, त्याचा फोटो जरा मोठा करा. मी सकाळचं विचारलं तर उलट मलाच म्हणाले, मी असं कशाला बोलेन?

६ नोव्हेंबर
काल घरी गेले तर सद्याची खाट नाही. त्या जागी शिलाई मशीन, त्यावर आईचं अर्धवट शिवलेलं पोलकं. सद्या कुठे, विचारलं. आई म्हणाली, कोण सद्या? वाटलं, ती आणि सद्या मिळून माझी फिरकी घेतायत. बाबांना विचारलं. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला. मी रडले, भांडले. आई घाबरून मीठमोहऱ्या ओवाळायला लागली.

आज ऑफिसात जुना ब्राउझर उघडला. सात चेहरे. आठवा नाही. नव्यात मात्र सद्या हसतोय.

७ नोव्हेंबर
कळलं मला. तो शेवटचा चेहरा खातो. नामाच्या पुढे सद्या आला, म्हणून नामा सुटला. म्हणजे सद्याच्या पुढे काहीतरी हवं.
खाली नवी ओळ केली. होडीचं चित्र टाकलं. सोसायटीचा शिक्का टाकला. पारदर्शक चित्र टाकलं. सगळं दिसतं, सद्या दिसत नाही. त्याला चेहराच लागतो.
लिओ सर म्हणाले, आठवा फोटो तात्पुरताच होता ना, मग काढून टाक. त्यांचा हात माउसवर होता. मी तो हात धरून ओढला. फोटो काढला तर मी त्याला आणू कुठून?

९ नोव्हेंबर
टेबल नव्याने लिहिलं. रुंदी बदलून बघितली. इथे नीट केलं की तिथे मोडतं—
सकाळपासून सद्याचा आवाज आठवत नाहीये. माझाच भाऊ, आणि मला आवाज आठवत नाही. देवा, मीही विसरले तर त्याचं कोण उरलं?
लिओ सरांचा फोटो ड्रॉवरमध्ये आहे. मी तो घेतला. स्कॅनरचं झाकणही उघडलं. मग त्यांनी आत येऊन विचारलं, डबा खाल्लास का गं?
ठेवला परत. नाही करवत.
माझ्या बायोडेटाला लावलेला फोटो फाइलमध्ये—

१० नोव्हेंबर
टाकला. सद्याच्या पुढे.
दिसला! जुन्यात दिसला, तसाच, दात काढून— माझा चेहरा नाही. नसू दे.
लिओ सरांनी विचारलं, कोण पाहिजे आपल्याला.
तशीच घरी आले. दार सद्याने उघडलं. तोंडात पोह्यांचा बकाणा. मी त्याला मिठी मारली, घट्ट— तो दचकला, मागे सरला. आईला हाक मारली त्याने. तोच आवाज.
आई आली. पदराला हात पुसत म्हणाली, बसा हं, पाणी आणते. कोणाकडे आलात?
ती पाणी आणायला गेलीये. सद्या दारातून बघतोय. तेवढ्यात लिहून ठेवते, आल्यावर वाचून दाखवीन तिला. मी तुझी मुलगी. माझं नाव—
माझं