माझ्या पश्चात आंद्रेयला कोण सांभाळणार

मी, वेरोना आंद्रेय ह्रिवनाक, वय वर्षे एकसष्ट, पूर्वी बेकरीत कामाला, राहणार यंग्सटाउन, ओहायो, लिहून ठेवते की माझी बुद्धी शाबूत आहे, माझ्यावर कोणाचंही दडपण नाही आणि हे सर्व मी राजीखुशीने करत आहे. ‘राजीखुशीने’ हा शब्द वकील कीफ यांचा. माझ्या स्वादुपिंडात गाठ आहे आणि मी उन्हाळा पाहीन असं डॉक्टर म्हणत नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. नवरा माझ्याआधी जाईल, असंच धरून चालले होते.

कलम १. राहतं घर माझ्या एकटीच्या नावावर आहे. माझा नवरा आंद्रेय जिवंत असेपर्यंत ते विकू नये; त्याने इथेच राहावं. तो तीन वर्षं मुष्टियुद्धात हेवीवेटचा जगज्जेता होता. वजन कसंबसं त्र्याऐंशी किलो, आणि समोर येणारे सगळे त्याच्याहून दांडगे. त्यांच्या जवळ शिरायचं तर आधी डोक्यावर दोन-चार ठोसे खावे लागत. ते त्याने खाल्ले. लोकांना तो जिंकलेला आठवतो. मला त्याच्या शर्टाची बटणं लावताना रोज ते ठोसे आठवतात. आता त्याला स्वतःचं घर ओळखता येत नाही, पण जिना पाठ आहे.

कलम २. हालुश्कीचं, म्हणजे आमच्याकडच्या उकडलेल्या पिठाच्या गोळ्यांचं, बिडाचं पातेलं सूनबाई लिंडा हिला द्यावं. तिने त्यातलं कधी खाल्लं नाही, निदान घासावं तरी.

कलम ३. जगज्जेतेपदाचा पट्टा स्लोव्हाक क्लबच्या काचेच्या कपाटात आहे. तो आम्ही ठेवायला दिला होता, बक्षीस नव्हे. तो तिथून काढून ॲक्रनच्या वेंडेल प्रूइट याला द्यावा. चोपन्न साली आंद्रेयने ज्याला नवव्या फेरीत पाडलं तो हाच, उंची साडेसहा फूट. क्लबवाले कुरकुर करतील. त्यांना करू द्यावी.

कलम ४. क्लबवाल्यांना माझ्याकडून काही नाही. दर शुक्रवारी तिथे एकच वाद चालतो: आजच्या धिप्पाड गड्यांपुढे आपला आंद्रेय टिकला असता का? बारवाला मिश्को बाबियाक टेबल बडवून सांगतो, “अरे, हे कसले पैलवान, नुसते रेडे. आपल्या आंद्रेयने सहा फेऱ्यांत झोपवले असते.” मागच्या महिन्यात मी तिथे गेले आणि म्हटलं, आठवड्यातून एक दुपार एकेकाने त्याच्याजवळ बसा, मी गेल्यावरसुद्धा. सगळे आपापल्या ग्लासात बघायला लागले. मिश्को म्हणाला, “वेरोना, मनात फार आहे गं, पण आम्हाला त्याला तसं बघवत नाही.” मला बघवतं, असं या माणसांना वाटतं काय?

कलम ५. आंद्रेयचा पालक म्हणून वेंडेल प्रूइट याची नेमणूक व्हावी, ही माझी इच्छा आहे. गेली अकरा वर्षं दर रविवारी तो बस पकडून येतो. तो उभा असला की आंद्रेय घाबरून ठोसे अडवायला हात वर करतो, म्हणून आत आल्याबरोबर वेंडेल जमिनीवर बसकण मारतो आणि तिथूनच त्याला सूप भरवतो. वेंडेल राजी आहे. पण कीफ म्हणतात, “बाई, पोटचा मुलगा असताना कोर्ट परक्याकडे देत नाही. आणि त्यात वेंडेल म्हणजे...” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. मला ते कळलं: वेंडेल काळा आहे, आम्ही गोरे.

पोटचा मुलगा रिचर्ड ॲरिझोनात असतो. बापाला सरकारी इस्पितळात कायमचं ठेवायचं त्याने ठरवून टाकलं आहे. फोनवर म्हणाला, “आई, बाबांनी एवढाल्या माणसांना लोळवलं. इस्पितळात त्यांना काय होणार आहे?”

म्हणून न्यायाधीशांसाठी लिहिते. रिचर्डच्या आग्रहाखातर मी आंद्रेयला ते इस्पितळ दाखवायला नेलं होतं. दोन धट्टेकट्टे परिचारक त्याला धरायला आले. वाईट नव्हते, आपलं काम करत होते. आंद्रेयने हात वर केले. दोघांकडे पाहिलं आणि मला विचारलं, “दोघं एकदम?” मग त्याने हात खाली सोडले आणि निमूट त्यांच्याबरोबर चालू लागला. चाळीस वर्षांत त्याला हात खाली सोडताना मी पाहिलं नव्हतं. दाराशी धावत जाऊन मी त्याला परत आणलं. पुढच्या वेळी धावायला मी नसेन, आणि कोर्ट माझं ऐकेल असं मला खरोखर वाटत नाही. तरी लिहिलं आहे.

हे सारं आज स्वयंपाकघरात साक्षीदारांपुढे मोठ्याने वाचून दाखवलं. आंद्रेय शेजारी बसून ऐकत होता. वाचून संपल्यावर म्हणाला, “वेरोना, कोण हरलं?”

मी म्हटलं, “मी हरले.”

“समोरचा मोठा होता?”

“हो. खूप मोठा होता.”

“मग लाज कसली त्यात,” तो म्हणाला.

वर लिहिलेलं सर्व माझं आहे आणि ते मला मान्य आहे.

सही: वेरोना ह्रिवनाक

साक्षीदार:
१. ओल्गा चेर्वेन, शेजारीण
२. मार्था डेव्हलिन, वकिलांच्या कचेरीतील टंकलेखिका

स्थळ: यंग्सटाउन, ओहायो
दिनांक: ९ मार्च १९८१