खांबावरची द्राग्ना

प्लोवदिव, ४ मार्च २०१९

ती. द्राग्नाआत्यास,
झोर्नित्साचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या दरीत फोनला रेंज नाही, आणि असती तरी तू तो उचलला नसतास, म्हणून पत्र. लग्नांचे फोटो काढणं मी सोडलं. आई म्हणते पोरीचं डोकं फिरलंय. असेल. पण नवऱ्यामुलींच्या हनुवट्या वर करून करून मला वीट आला होता. आता डोंगरातल्या माणसांचे फोटो काढते आणि ब्लॉगवर लावते. ब्लॉग म्हणजे काय ते मागे सांगितलं होतं: जगात कुणालाही उघडता येईल अशी वही. वर फोटो, खाली दोन ओळी.

ही वही म्हणजे दुभती गाय आहे, एक दिवस चुकवला की आटते. फोटो कुठल्या वेळी लावायचा, खाली कोणते शब्द घातले की लोक शोधत येतील, कुठल्या ग्रुपात पाठवायचा, यातच माझा दिवस जातो. मग किती जण आले ते बघते. चहा ठेवते, पुन्हा बघते. कुणी आलेलं नसतं. इथल्या एका कलादालनाच्या बाई म्हणाल्या, वाचक मिळवा, शरदात प्रदर्शन देते. नाही मिळाले तर आहेतच हनुवट्या.

म्हणून पोस्टर छापलंय. लाकडांच्या ढिगापाशी बसलेली तू, काळी चौकट, खाली नाव आणि ब्लॉगचा पत्ता. बसवाल्या मेतोदीकडे गठ्ठा दिलाय, तो खालच्या गावात लावेल. खोकला कसा आहे?

रागावलीस तरी लोभ आटवू नकोस.
तुझी झोर्ना

बोरोव दोल, १५ मार्च

चि. झोर्नित्सा हीस,
अ. उ. आ.

खोकला बरा आहे. मी मेले आहे, एवढंच.

अगं बये, काळ्या चौकटीत म्हातारीचा फोटो, खाली नाव, त्याखाली १९४४ – २०१९! आणि तो लावलास कुठे, तर विजेच्या खांबावर, गेल्या महिन्यात गेलेल्या सुताराच्या निधनाच्या कागदाशेजारी! बर्फामुळे मी महिनाभर वाडीवरून खाली उतरले नव्हते. खालच्यांना वाटलं, संपली. परवा पेना आणि तिची जाऊ मयताच्या उकडलेल्या गव्हाचं पातेलं घेऊन चढण चढून आल्या. वर साखर, साखरेवर क्रॉस, सगळं रीतसर. स्तोइलने फुलं आणली, तीही मेलेल्याला वाहतात तशी मोजून सम. दार मीच उघडलं. पेना मटकन पायरीवर बसली. मग तिने मला शिव्या घातल्या, की सांगायचं तरी होतं जिवंत आहेस म्हणून. गहू आम्ही सगळ्यांनी मिळून खाल्ला. माझ्याच नावाचा गहू, पण साखर कमी पडली होती.

पाद्रीबाबा विचारत होते, मला न सांगता पुरलं कुणी. आता ते कागद काढायला सांग.

आणि एक विचारायचं होतं. ती तुझी वही स्पेनमधून दिसते का? माझ्या कामेनसाठी विचारत नाही. सहज आठवलं.

माया आहेच, अक्कल तेवढी पाठवते आहे.
तुझी आत्या

प्लोवदिव, २२ मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

१९४४ हे तुझं जन्मसाल आणि २०१९ हे फोटोचं. प्रदर्शनात असंच लिहितात गं! लहानपणापासून असे कागद खांबाखांबावर बघत आले, आणि माझाच कागद मला दिसला नाही. पाया पडते.

पण पुढचं ऐक. कुणीतरी त्या खांबाचा फोटो काढून परदेशातल्या गावकऱ्यांच्या ग्रुपात टाकला. तिथून लोक माझ्या ब्लॉगवर आले. किती म्हणून सांगू! अख्ख्या वर्षात आले नाहीत तेवढे एका दुपारी. खाली ओळीच ओळी, देव तिला क्षमा करो, माती हलकी होवो. मेणबत्त्यांची चित्रं. दालनाच्या बाईंचा स्वतःहून फोन आला. द्राग्ना जिवंत आहे, अशी ओळ मी लिहिली, खोडली, पुन्हा लिहिली. बटण दाबवलं नाही. मला लाज वाटते आत्या, आणि लाज वाटत असतानाच मी पुन्हा आकडा बघते. माझ्या घरातल्या येरझाऱ्यांमुळे शेजारीण खालून छत ठोकायला लागलीय.

हो, स्पेनमधून दिसते. कामेनदादा त्या ग्रुपात आहे. काका गेले आणि तो त्यांच्या मातीला आला नाही, तेव्हा माझ्या मातीलाही येऊ नकोस असं तू त्याला खालच्या गावातल्या फोनवरून सुनावलंस. त्यानंतर तुम्ही बोललेला नाहीत. त्याला हे असं कळायला नको. तू हो म्हण, तुझं पत्र हातात पडताच खरं लिहून टाकते.

लोभाला पात्र नाही, तरी मागते.
झोर्ना

बोरोव दोल, ३० मार्च

चि. झोर्ना हीस,
अ. उ. आ.

लिहू नकोस. थोडं थांब.

तुला वाटेल म्हातारीला चळ लागला. लागू दे. मला बघायचंय तो येतो का. सहा वर्षं मी मनाची समजूत घालते आहे, की येईल. आता कळेल तरी. पेनाला, तिच्या जावेला, स्तोइलला, पाद्रीबाबांना, सगळ्यांना गप्प बसवलंय. मी दुकानात जात नाही, कॉफी संपली तर संपली. फाटकाला रंग दिला. मेल्या बाईचं फाटक कोण रंगवतं, असं रंगवून झाल्यावर लक्षात आलं. स्मोल्यानची बस वळणावर दिसली की हातातलं टाकून खिडकीशी जाते. एकदा उंच माणूस उतरला. वीजमीटर वाचणारा होता.

घरात पाय ठरत नाही. तुझंच लागलं मला.

आशीर्वाद नेहमीचेच, बसची वेळ झाली.
आत्या

अल्मेरिया, ५ एप्रिल

चि. झोर्ना हीस,
कामेनचे आशीर्वाद.

पत्ता तुझ्या ब्लॉगवरून घेतला. तिथे फोटोखालीच लिहायला गेलो होतो, पण लोकांच्या त्या मेणबत्त्या बघून लिहवेना. फोन केला असता तर तुला माझं रडणं ऐकावं लागलं असतं.

फोटो चांगला आहे. मोठा करून करून पाहिला. तिच्या अंगात माझं लष्करातलं स्वेटर आहे, कोपराला रफू केलेलं. मी समजत होतो तिने जाळलं असेल. त्रास झाला का गं तिला? जवळ कोण होतं?

मी तिकीट काढलं होतं. विमानतळावर बाकावर बसून राहिलो आणि परत आलो. मातीला येऊ नकोस म्हणाली होती. जन्मभर तिचं एक ऐकलं नाही. हे तरी ऐकावं म्हटलं. दुसऱ्या दिवशी टोमॅटोच्या शेडमध्ये कामावर गेलो, काय तोडलं ते आठवत नाही.

माझ्या नावाची एक मेणबत्ती तेवढी लाव.
तुझा कामेनदादा

प्लोवदिव, १३ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सोबत कामेनदादाचं पत्र. बसून वाच.

तुझी परवानगी न विचारता मी खरं लिहून टाकलं. मोठ्या अक्षरांत, द्राग्ना यान्कोवा जिवंत आहे, चूक माझी. लोक खवळले. फसवलंस, मेणबत्त्यांवर पोट भरतेस, असं काय काय. निम्मे निघून गेले. दादाचा नंबर लागत नाही, तिकडच्या शेडमध्ये फोन बंद ठेवायला लावतात म्हणे. म्हणून तूच लिही, तुझ्या अक्षरात. माझ्यावर तो आता विश्वास ठेवायचा नाही.

दालनाच्या बाई म्हणाल्या, मुलगा आला तर माय-लेकाचा फाटकातला फोटो घ्या, तोच लोकांना हवाय, प्रदर्शन पक्कं समजा. मी त्यांना नाही म्हटलं. तो आला तर कॅमेरा मी प्लोवदिवलाच ठेवून येईन. नंतर दिवसभर रडले, पण आकडा बघितला नाही.

रागाव, पण टाकू नकोस.
झोर्ना

बोरोव दोल, १८ एप्रिल

चि. कामेन यास,
अ. उ. आ. हे आशीर्वाद जिवंत बाईचे आहेत.

झोर्नाने जन्मसालापुढे भलतंच साल छापलं आणि गावाने मला पुरलं. पोरीला बोलू नकोस, तिने तिच्या चुकीची किंमत दिली आहे. थांब म्हणणारी मी. तू येतोस का ते मला बघायचं होतं. तुला विमानतळावरच्या बाकावर बसवलं मी, आणि इथे मी खिडकीत. तुझं पत्र वाचून मी ओसरीवर एवढ्या मोठ्याने रडले, की पेना पुन्हा पातेलं घेऊन येते की काय असं वाटलं.

स्वेटर गरम आहे म्हणून वापरते. तसं नाही, खोटं लिहिलं. तुझं आहे म्हणून वापरते.

सहा मेला, सेंट जॉर्जच्या सणाला, कोकरू कापणार आहे. बाबांच्या वेळी आला नाहीस, याचा राग अजून आहे, तो तुझ्यासमोर काढीन. आणि मूर्खा, ऐकायचंच होतं तर नीट ऐकायचंस. मातीला येऊ नकोस म्हटलं होतं. जेवायला येऊ नकोस असं कधी म्हटलं?

वाट बघणारी,
आई