बिनदाराच्या सिनेमाखोलीची निरवानिरव

मी, बन्सी कोंडिराम गाडेकर, वय ७१ वर्षे, धंदा सुतारकाम, राहणार शनिशिंगणापूर, तालुका नेवासा, जिल्हा अहिल्यानगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मुलगा चेतन याला तरीही शंका असेल तर त्याने माझ्या हयातीतच माझे डोळे बांधून समोर लाकूड ठेवावे. साग की बाभूळ, ते मी वासावरून सांगेन. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. असते तर मी लिहायलाच बसलो नसतो.

हा कागद करण्याचे खरे कारण एकच, आमच्या घरातली सिनेमाची खोली. माझी पत्नी राहीबाई हयात आहे तोवर ती खोली आहे तशी राहावी. बाकीची कलमे रीत म्हणून लिहीत आहे.

कलम १. घर माझ्या स्वकष्टाचे आहे. त्याची उत्तरेकडची भिंत धाकटा भाऊ मच्छिंद्र याच्या घराशी सामाईक आहे. माझ्या पश्चात घर राहीबाईचे, आणि तिच्या पश्चात चेतन व मुलगी दीपा यांचे, निम्मे निम्मे. बँकेत जे असेल ते राहीबाईचे. दागिने तिचेच आहेत, ते देणारा मी कोण.

कलम २. सगळी हत्यारे दीपाला द्यावीत. ती श्रीरामपूरला फर्निचरची कामे घेते आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. चेतनला वाईट वाटेल. परंतु त्याने एकदा माझ्या धारेच्या पटाशीने मिक्सरचे खोके उघडले होते आणि वर विचारले होते की त्यात काय बिघडलं. ते मी विसरलेलो नाही.

कलम ३. खोली का केली, हे मुलांना नीट माहीत नाही, म्हणून लिहून ठेवतो.

लग्नानंतर मी श्रीरामपूरच्या एका टॉकीजमध्ये खुर्च्या आणि कठडे दुरुस्त करायला जात असे. मजुरीबरोबर दुपारच्या खेळाचे दोन पास मिळत. राहीबाई एसटीने यायची, डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत बसायची, सागवानी कठड्यावर दोन्ही हात टेकून पुढे वाकायची आणि पडद्यावरच्या व्हिलनला दम भरायची. परतीच्या गाडीत अख्खा सिनेमा मला पुन्हा सांगायची, जणू मी पाहिलेलाच नाही. खरे तर मी पाहिलेला नसायचाच. मी तिच्याकडे बघत असायचो. हे तिला कधी सांगितले नाही, ते इथे सांगतो. फार सुखाचे दिवस होते ते. नंतर टॉकीज पाडली, तेव्हा मी कठड्याचा हातभर तुकडा मागून आणला.

सहा वर्षांपूर्वी तिचे कान मंदावले. कानाचे मशीन आणले, ते तिला सोसेना. मग टीव्हीचा आवाज वाढत गेला. घरात चेतन खेकसू लागला, भिंतीपलीकडून मच्छिंद्र हाका मारू लागला. एकदा मी कामावरून आलो तर ती आवाज पार बंद करून नुसती चित्रे बघत बसली होती. मी कारण विचारले, तर म्हणाली, “लोकाला तरास नको.” त्या आठवड्यात मी बाहेरची कामे घेणे थांबवले आणि मागच्या खोलीला हात घातला.

कलम ४. आवाज आतच राहावा म्हणून खोलीत दुसरी खोली उभी केली. लाकडी सांगाडा, आत ग्लासवूल म्हणजे काचेचा कापूस, वर जिप्समचे दुहेरी बोर्ड आणि लोकरीचे जाड फेल्ट. पुण्याच्या एका कारागिराला फोनवर विचारून विचारून शिकलो. त्याने नियम सांगितला होता की आतल्या खोलीचा एकही खिळा बाहेरच्या भिंतीला लागता कामा नये, लागला की आवाज त्यावरून पलीकडे जातो. सांधे झाकायला तयार पट्ट्या आणल्या नाहीत. टॉकीजच्या तुकड्याची गोलाई आणि त्याची दुहेरी खाच हातरंध्याने सागात उतरवली. साडेचार महिने लागले. राहीबाईच्या खुर्चीपुढे तर मी तसाच अख्खा कठडा बसवला. तिने तो पाहिला, त्यावर दोन्ही हात टेकले आणि पूर्वीसारखी पुढे वाकली.

राहिले दार. आमच्या गावात घराला दार लावत नाहीत. सोनई, घोडेगाव, नेवासा, सगळीकडे मी दारे करून दिली, पण स्वतःच्या घराला एक फळी लावली नाही. कारागीर म्हणाला, बिनदाराची खोली म्हणजे बिनबुडाचा हंडा. मी दाराऐवजी दोन वळणांची बोळ केली, तिच्या भिंतींना फेल्ट ठोकले आणि गोधडीएवढे जाड दोन पडदे सोडले. समोरून आवाज बाहेर येईना.

तरी मच्छिंद्रच्या घरात घरघर जायची. फडताळातली भांडी वाजायची. तो ग्रामपंचायतीत गेला आणि चारचौघांत म्हणाला, “दादा, दार लाव. आमी झोपायचं कदी?”

मी म्हणालो, “दार लावनार न्हाई. बापजाद्यांची रीत हाय.”

लोकांनी माझ्या बाजूने माना हलवल्या. तेव्हापासून दोन वर्षे आम्ही भाऊ बोलत नाही.

कलम ५. या कलमाने मी कबूल करतो की दोष दाराचा नव्हता. कठडा जड होता, डुगडुगत होता, म्हणून मी घाईत एक सहा इंची स्क्रू कठड्यातून, आतल्या बोर्डातून आरपार सामाईक भिंतीत पिळला. नियम मला पाठ होता आणि तो मीच मोडला.

सभेनंतर महिन्याभरात चूक मला सापडली. एका दुपारी राहीबाई आत सिनेमा बघत असतानाच मी स्क्रू काढला आणि रबर घालून परत बसवला. भिंतीतली घरघर थांबली, कठड्याची थरथरही. राहीबाईने कठड्यावरचे हात उचलले, तळव्यांकडे पाहिले आणि विचारले, “बंद पडलं का?”

सिनेमा चालू होता. स्पीकर पुऱ्या आवाजात होते.

तेव्हा मला कळले की तिला आता काहीच ऐकू येत नाही. कधीपासून ते माहीत नाही. तिने कोणाला सांगितलेले नाही, मलाही नाही. ती समोरच्याच्या ओठांकडे बघून उत्तरे देते आणि सिनेमा तळव्यांनी ऐकते. मी रबर काढून टाकले आणि स्क्रू होता तसा पिळला. ती म्हणाली, “हां, आलं.” मी बोळीत जाऊन दोन पडद्यांच्या मध्ये उभा राहून रडलो. तिथून आवाज बाहेर जात नाही.

भावाला खरे सांगायचे तर तिचे गुपित सांगावे लागले असते. म्हणून मी गप्प राहिलो. मच्छिंद्र गावाची रीत मोडायला निघाला असे लोक म्हणाले, तेही ऐकून घेतले. मच्छिंद्र, आवाज येत होता. तू खरा होतास. मला माफ कर.

कलम ६. चेतनने भक्तांना उतरायला म्हणून ही खोली राहीबाईच्या हयातीत देऊ नये, तिला दार लावू नये. स्पीकरचा आवाज कमी करू नये. स्क्रूला हात लावू नये. राहीबाईला या कागदातली फक्त कलमे १ ते ३ सांगावीत. दीपाने तिच्यासमोर उजेडात बसून, ओठ दिसतील असे, सावकाश सांगावीत. कान मंदावल्याचे तिने स्वतःच घरात सांगितले होते, त्यापुढचे मला ठाऊक आहे हे तिला कळू देऊ नये. तिच्यानंतर खोलीचे काय ते मुलांनी ठरवावे. मी भांडायला येणार नाही.

कलम ७. भिंत सामाईक आहे. मच्छिंद्रने आपल्या बाजूने गिलावा फोडून स्क्रू कापला तर त्याला अडवता येणार नाही, मी वकिलांना विचारले. म्हणून त्याला माझा हुकूम चालत नाही, विनंती आहे. राहीबाई आहे तोवर सोस. या कागदाने त्याला काहीही मिळत नाही, त्यामुळे तो साक्षीदार होऊ शकतो. निरोप पाठवला आहे. येईल की नाही, माहीत नाही.

वरचा मजकूर मी पुन्हा वाचला. तो माझाच आहे आणि खरा आहे.

ठिकाण : शनिशिंगणापूर
दिनांक : १४ नोव्हेंबर २०२५

सही
बन्सी कोंडिराम गाडेकर

साक्षीदार १
माधव विष्णू दाणी, निवृत्त शिक्षक, सोनई
सही

साक्षीदार २
मच्छिंद्र कोंडिराम गाडेकर, शनिशिंगणापूर
सही
(सहीखाली त्याच्याच हस्ताक्षरात) दादा, सगळं वाचलं. वहिनीला आमच्याकडून कायी कळनार न्हाई. भांडी दुसऱ्या भिंतीला लावतो. स्क्रू राहू दे.