मनोरीची सात नंबरची जागा

मी, कुंडलिक सखाराम वाघचौरे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धर्म बौद्ध, धंदा मक्याची कणसं भाजून विकणे, राहणार दिंडोशी, गोरेगाव पूर्व, आज हा कागद स्वतःच्या मर्जीने करीत आहे. पन्नास वर्षांच्या कोळशाच्या धुराने माझी फुप्फुसं निकामी होत आली आहेत, असं डॉक्टरांचं म्हणणं आहे. बुद्धी मात्र शाबूत आहे. कुणाला शंका असेल तर सातवीच्या पुस्तकातल्या सगळ्या कविता ओळीने म्हणून दाखवीन. वकील मुकुल राजाध्यक्ष म्हणाले, त्याची गरज नाही, डॉक्टरांचा दाखला पुरतो. तो सोबत जोडला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. मागे ठेवण्यासारखं आपल्याकडे काही आहे असं कधी वाटलंच नव्हतं.

१. माझी पत्नी शेवंता तीन वर्षांपूर्वी वारली. मला मुलगा विशाल आणि मुलगी सपना अशी दोन अपत्यं आहेत. विशाल बोरीवलीला मोबाईलच्या दुकानात कामाला आहे आणि माझ्याजवळ राहतो. सपना मुलुंडला दिली आहे, ती नर्स आहे. दोघांवर माझी सारखी माया आहे. वाटणी सारखी नाही, त्याचं कारण पुढे येईल.

२. दिंडोशीच्या पुनर्वसन इमारतीतली सहाव्या मजल्यावरची खोली माझ्यामागे विशालला मिळावी. तिला एक अट आहे, ती कलम सहामध्ये लिहिली आहे. ती वाचल्याशिवाय त्याने कुलूप बदलू नये.

३. बँकेच्या पासबुकात जे निघेल ते आणि शेवंताची बोरमाळ सपनाला द्यावी. आईच्या डायलिसिसच्या दिवसांत तिने ड्युटी संपवून मुलुंडहून यायचं, पाय चेपायचे आणि पुन्हा ड्युटीला जायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

४. माझी कवितांची वही, निळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्याची, हीदेखील सपनालाच. शाळेत पाठ केलेल्या कविता मी तीत आठवून आठवून उतरवल्या आहेत. चुका असतील, त्या माझ्या. जालन्याकडच्या आमच्या शाळेत गुरुजींनी समुद्राची कविता शिकवली तेव्हा वर्गात विहिरीपेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलेलं नव्हतं. एकाने विचारलं, "गुरुजी, समुद्र दिसतो कसा?" गुरुजींनी फळ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली. म्हणाले, "असा. आणि ह्याच्या पलीकडं काही नाही." बहात्तरच्या दुष्काळात मुंबईला आलो. गाववाला दादू हिवराळे मला मार्व्याच्या जेट्टीवरून तरीत बसवून मनोरीला घेऊन गेला. सुरूच्या झाडांमधून बाहेर आलो आणि समोर ती रेघ. मी उभाच राहिलो. दादू म्हणाला, "अरे, काय बघतोस? धंदा कर." तेव्हापासून धंदा केला आणि बघितलंही.

५. माझी लोखंडी शेगडी, चिमटा आणि विणलेला पंखा बर्फगोळेवाल्या शिवदासला द्यावा. तीस वर्षं तो सांगत आलाय की माझी कणसं कातड्यासारखी चिवट असतात. शिवदास, आता तू भाजून दाखव.

मी गेल्यावर त्रिशरण, पंचशील म्हणावं, एवढं पुरे. जेवणावळी नकोत. पर्यटन विकासवाल्यांनी आम्हा विक्रेत्यांना 'आपले स्वागत आहे' लिहिलेला निळा टी-शर्ट दिला आहे. तो माझ्या अंगावर घालू नये. माझा पांढरा सदरा कपाटात खालच्या खणात आहे.

६. आता मुख्य गोष्ट. हे कलम कुणी घाईने वाचू नये.

मनोरीच्या वाळूवर जागा कुणाच्या मालकीची नव्हती, तरी प्रत्येकाची जागा होती. ज्याच्या त्याच्या जागेवर चुना लावलेला एक दगड असायचा. माणूस गावी गेला, आजारी पडला, बाई बाळंत झाली, तर शेजाऱ्याने रोज थोडा वेळ त्या दगडापाशी बसायचं. त्याला आम्ही दगड राखणं म्हणायचो. दगडापाशी माणूस दिसला की जागा जिवंत. आठ दिवस कुणीच बसलं नाही तर जागा गेली. यावरून आमच्यात कधी भांडण झालं नाही.

दादू वारल्यावर त्याची बायको जया त्याच्या जागेवर कैरी, पेरू, उकडलेल्या शेंगा विकू लागली. जागा जेट्टीच्या रस्त्याच्या तोंडाशी, सगळ्यांत चांगली. माझी पार दक्षिणेच्या टोकाला. जया तोंडाची फटकळ. मी गिऱ्हाइकाला कविता ऐकवू लागलो की ती तिथून ओरडायची, "भाऊ, कविता मागनं, कणीस करपतंय!" आणि ते खरंच करपत असायचं.

चार वर्षांपूर्वी जया लेकीच्या बाळंतपणाला जालन्याला गेली. जाताना म्हणाली, "भाऊ, दगड राखा." मी राखत होतो. त्याच आठवड्यात किनारा विकासाचं सर्वेक्षण आलं. हातात मोबाईल घेतलेली दोन पोरं होती. जिथे माणूस बसलेला त्याचा फोटो, नाव, आधार नंबर. जिथे नुसता दगड, तिथे काही नाही. मी धावत जाऊन जयाच्या दगडापाशी बसलो. मला वाटलं, माणूस दिसला म्हणजे जागा वाचली. आमचा कायदा तोच होता. त्यांनी फोटो काढला, नाव विचारलं, मी माझं सांगितलं. ही जागा दुसऱ्या बाईची आहे, हे सांगायचं मला सुचलंही नाही. दगड राखणाऱ्याने ते कधी सांगायचंच नसतं, ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्या दिवशी मी घरी जाऊन शेवंताला अभिमानाने सांगितलं की आज जयाची जागा राखली.

यादी लागली. बारा जागा. सात नंबर, कुंडलिक वाघचौरे. जयाचं नाव कुठेच नव्हतं. माझ्या खऱ्या जागेवर पार्किंग दाखवलं होतं.

इथवर ती चूक होती. पुढचं चूक नव्हे. हरकत घ्यायला तीस दिवस होते. शेवंता आठवड्यातून तीनदा मशीनवर होती, माझी जागा गेली होती, आणि विशाल म्हणाला, "बाबा, नाव तुमचं आलंय ना? मग बस्स. आपण काय चोरी केली काय?" मी त्या तीस दिवसांत कार्यालयाची पायरी चढलो नाही. चढायची इच्छा होत होती, असंही मी इथे लिहिणार नाही.

पुढे फरशा बसल्या, निळ्या छपरांचे बारा गाळे उभे राहिले, फोटो काढायला 'मनोरी' अशी मोठी रंगीत अक्षरं आली. मी सावलीत बसून कणसं भाजली. जया डोक्यावर टोपली घेऊन गाळ्यांभोवती बांधलेल्या दोरीच्या पलीकडून फिरत राहिली. टोपलीवाल्यांना आत मनाई आहे. एकदा रखवालदाराने तिची टोपली फरशीवर उपडी केली. पेरू माझ्या गाळ्यापर्यंत घरंगळत आले. मी ते उचलून दिले. तिने घेतले. टोपली उचलून दोरीपलीकडे गेली.

वकिलांनी मला समजावलं की सात नंबरचा विक्रीचा दाखला मृत्युपत्राने कुणाला देता येत नाही. मी मेलो की घरच्या माणसाचा हक्क पुढे येईल. विशालने एका ज्यूसवाल्याशी बोलणं करून ठेवलं आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "यार बाबा, घरबसल्या भाडं येईल. आणि ती जया आपली कोण लागते?"

म्हणून गेल्या महिन्यात मी मनोरीला जाऊन जयाला गाठलं. म्हटलं, "जया, सात नंबर तुला द्यायचं ठरवलंय."

तिने टोपली खाली ठेवली नाही. "तुमच्या घरातलं भांडं आहे काय, मला देताय?"

"मग काय लिहू?"

"झालं ते लिहा. देतो-बितो लिहू नका."

"तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"वाचता येतं मला. यादी लागली त्याच दिवशी वाचली."

"मग बोलली का नाहीस, गं?"

"मी का बोलू? दगड तुम्ही राखत होता. वाट बघितली. चार वर्षं झाली, भाऊ. एवढ्या कविता पाठ तुमच्या, एक वाक्य नाही निघालं तोंडातून."

ते वाक्य आता लिहितो. मनोरीच्या किनाऱ्यावरील सात नंबरची जागा जया दादू हिवराळे हिची आहे, सर्वेक्षणाच्या दिवशी तिचीच होती, आणि मी फक्त दगड राखत होतो.

मरणाची वाट न पाहता मी याच मजकुराचं प्रतिज्ञापत्र केलं आहे. माझा विक्रीचा दाखला परत करण्याचा आणि नोंद जयाच्या नावाने दुरुस्त करण्याचा अर्ज सोमवारी कार्यालयात दिला. पोच सोबत जोडली आहे. त्यावर निर्णय व्हायचा आहे. तो होईपर्यंत मी जगेन की नाही सांगता येत नाही, म्हणून ही अट: विशालने किंवा त्याच्या वतीने कुणी सात नंबरवर हक्क सांगितला, तर कलम दोनमधली खोली त्याला न मिळता सपनाला मिळावी. विशाल, मी तुझ्यावर रागावलेलो नाही. त्या तीस दिवसांत मी तुला गप्प बस म्हणालो असतो तर तू गप्प बसला असतास. बापाने ते म्हणायला हवं होतं.

७. साक्षीदारांविषयी. वकील म्हणाले, पहिली सही डॉक्टरांची चालेल. दुसरा साक्षीदार असा आणा की ज्याला या कागदातून काही मिळत नाही. सपना नको, विशाल नको, शिवदासला शेगडी आहे. मी विचार केला आणि म्हटलं, जया चालेल का? वकिलांनी कलम सहा पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चष्मा काढून म्हणाले, "चालेल. तुम्ही तिला काहीच देत नाही आहात."

जया आली. सही करण्याआधी तिने इथवरचा सगळा कागद बसून वाचला. "कातड्यासारखी चिवट" तिथे थोडी हसली. कलम सहा दोनदा वाचलं.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत केली. या कागदाप्रमाणे सगळं पार पाडण्याचं काम मी सपनावर सोपवतो.

स्थळ: दिंडोशी, मुंबई
दिनांक: २१ नोव्हेंबर २०२५

(सही) कुंडलिक सखाराम वाघचौरे

साक्षीदार:

१. (सही) डॉ. शर्मिष्ठा कर्णिक, गोरेगाव पूर्व.

२. (सही) जया दादू हिवराळे, राहणार मालवणी, मालाड पश्चिम. धंदा: कैरी, पेरू, शेंगा विकणे. धंद्याचं ठिकाण (ही ओळ टाइप करताना मोकळी सोडली होती, साक्षीदाराने स्वतःच्या हाताने भरली): मनोरी, सात नंबर.