खडे माझे, फिट तुझी

वडगाव, बेळगाव
गुरुवार

प्रिय जयू,

दोन दिवस तुझा फोन उचलला नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मी विरघळते. म्हणून लिहितेय. माझे टाके सुकले. पित्ताशयातले खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून दिले होते, आमच्या पोरीचे, सौम्याचे, ते शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवून झाले. कालपासून सुताच्या कांड्या भरायला बसते. तुझे भावोजी मागाशेजारी खुर्ची आणून ठेवतात आणि मी उठले की ओरडतात.

विम्याचे पैसे नाकारले त्याचं कारण मात्र तुला खोटं सांगितलं होतं. कागद कमी पडले नव्हते. जास्त झाले होते.

चौदा वर्षांमागची गोष्ट आठव. सदलग्याचं स्थळ पक्कं झालं आणि पंधरा दिवसांत तू चुलीपुढे आडवी झालीस, दातखीळ बसली. आई म्हणाली, "उपवर पोरीचं नाव दवाखान्यात लावायचं न्हाय. झाकली मूठ सव्वा लाखाची." आपल्या गल्लीत तेव्हा सगळ्यांचं हेच चालायचं. लग्नाच्या पोरीचा आजार लग्न झालेल्या बहिणीच्या नावावर. दवाखान्याच्या खिडकीवर मी माझं नाव सांगितलं, आत तू गेलीस. दोन वर्षं गोळ्या खाल्ल्यास तू, आणि कागदावर फिट येत होती सुवर्णाला! मला तर तेव्हा गंमतच वाटायची. तू बरी झालीस, ती फाईल कधीच वाळवीनं खाल्ली असेल असं मी धरून चालले.

वाळवीच्या आधी कॉम्प्युटरनं खाल्ली. यावेळी त्याच दवाखान्यात नाव सांगितलं तर जुना नंबर निघाला. भूल देणारे डॉक्टर विचारतात, शेवटची फिट कधी आली? ऑपरेशन एक दिवस पुढे ढकललं, डोक्याची तपासणी झाली, काही सापडलं नाही. पण विमा कंपनीला सापडायचं ते सापडलं. भरती होताना सही केली त्या फॉर्मवर माझ्या सगळ्या नोंदी बघायची परवानगी बारीक अक्षरात होती म्हणे. उत्तर आलं, जुना आजार लपवला, पैसे मिळणार नाहीत.

मी गेले त्यांच्या ऑफिसात. म्हटलं, "साहेब, खड्यांचा न् फिटचा काय संबंध?" साहेबानं स्क्रीन माझ्याकडे फिरवली. "अम्मा, इल्ली इदे नोडी." बघा, इथं आहे. नाव माझं, वय माझं, पत्ता माझा. ती मी नव्हे, माझी बहीण, हे शब्द ओठांवर आले होते गं. तुझ्या सासूचा आणि तिच्या लेकाचा, महादेवरावांचा, चेहरा समोर आला आणि मी उठून चालती झाले. बसस्टॉपवर इतका संताप आला की दोन बस सोडल्या. कंपनीचा आला, आईचा आला, माझा स्वतःचा आला.

आणि मंगळवारी तुझा मेसेज. तुझी रचना शाळेत दोनदा फिट येऊन पडली. "आक्का, सौम्याच्या नावावर दाखवूया, आमच्या विम्यात दिसाय नको, उद्या तिचं लगीन व्हायचं हाय." नऊ वर्षांची आहे पोरगी, जयू! नाही. माझ्या लेकीचं नाव मी देणार नाही आणि तुझ्या लेकीचं लपवू देणार नाही. खऱ्या आजारासाठी कंपनीनं नाकारलं तर मी त्यांच्या दारात बसून भांडेन, अर्ज करीन, कोर्टाची पायरी चढेन. खोट्या नोंदीशी भांडता येत नाही. मी बघितलंय भांडून. महादेवरावांना आजच सांग. जमत नसेल तर मी येऊन सांगते, तुझ्या सासूसमोर सांगते. माझा तक्रारअर्ज लिहून झालाय, 'फिट माझी होती' याखाली तुझ्या सहीची जागा तेवढी मोकळी आहे. तू सही केलीस तर माझ्या नावावरची तुझी फिट उतरेल. नाही केलीस तरी मी लढेन, पण बहीण म्हणून नाही विचारणार पुन्हा. सोमवारी पहिल्या बसनं रचनाला घेऊन ये. खिडकीवर नाव विचारतील तेव्हा तू बोलू नकोस, मीही बोलणार नाही. तिचं नाव तिलाच सांगू दे.

तुझीच, आणि यापुढे फक्त माझ्याच नावाची,
सुवर्णाआक्का