मागच्या मेलमधला नंबर

प्रिय ठमे,

कागदावर लिहितोय म्हणून हसू नकोस. अक्षराचे कोंबडीचे पाय झालेत, सांभाळून घे.

परवा घरची वीज तोडली. बिलच आलं नाही तर भरणार काय, म्हणून मी वीजवाल्यांशी कडाकडा भांडलो. ते म्हणाले, मेलवर पाठवलंय. मग शेजारच्या सूनबाईकडे गेलो. तिने तिच्या संगणकावर माझी मेल उघडून दिली.

तुझी आई गेल्यावर मी त्या लॉटरीच्या मेलला भुललो होतो आणि तू येऊन माझ्या मेलवर पहारा बसवलास. अनोळखी पत्त्यावरून काही आलं की ते क्वारंटाइनमध्ये अडकणार, रोज सकाळी अडवलेल्यांची यादी येणार. आपलं माणूस दिसलं तर 'सोडा' दाबायचं, नाहीतर महिन्याभराने सगळं आपोआप पुसलं जाणार. हे सगळं समजावलंस आणि निघताना दारात बजावलंस, की जी मेल काही दाबायला सांगते ती उघडायचीच नाही. मी तुझं तंतोतंत ऐकलं गं. ती यादीच मला दाबा म्हणायची! रोज सकाळी ती न उघडता कचऱ्यात टाकायचो, आणि वर शेजारीपाजारी फुशारकी, की आता मला कोणी फसवून दाखवावं.

तू नोकरी बदललीस, तुझा मेलचा पत्ता बदलला, हे मला कुठून कळणार? मेल येईनाशा झाल्या. फोनवर आपण भांडतो म्हणून लिहूनच बोलायचं, हा तुझाच ठराव. तुला माणूस निवडायची अक्कल नाही, असं मी तुझ्या घटस्फोटाच्या वेळी बोललो होतो, ते लागलं असेल, लेकीने अबोला धरला, असं मी धरून चाललो. मीही तुझाच बाप. आधी मी का वाकू, म्हणून बसून राहिलो. सूनबाईने अडवलेल्या मेल उघडल्या, तर बिलाखाली तुझं नाव. तुझी एकच मेल उरली होती. बाकीच्या मुदत संपून गेल्या.

"बाबा, मंगळवारी ऑपरेशन आहे. भूल देण्याआधी एकदा तुमचा आवाज ऐकायचाय. नवा नंबर मागच्या मेलमध्ये दिलाय."

तो मंगळवार कधीच होऊन गेला. मागची मेल पुसली गेलीय. जुना नंबर लागत नाही. मी उत्तरावर उत्तर पाठवतोय, पलीकडून काही नाही. कशाचं ऑपरेशन, तेसुद्धा मला ठाऊक नाही.

तुझा म्हणून एकच पत्ता माझ्याकडे आहे, तू सोडलेल्या घराचा. म्हणजे हे पत्र आधी त्याच्या हाती पडणार, ज्याचा नंबर मी रागाने खोडून टाकला. पडू दे. जावईबुवा, तुम्हाला नाही नाही ते बोललो, पाया पडतो. ती कुठे आहे ते ठाऊक असेल तर हे तिला पोचवा. आणि आता पोचवायला कोणी नसेल, तर तसं लिहून कळवू नका. स्वतः येऊन सांगा.

तुझाच, फोन न केलेला,
बाबा