कात्रीची चीर

मंगळवार, संध्याकाळ

नात सायली लग्नांत डीजे वाजवते. तिच्या टेबलापुढच्या चौकटीला पांढरं कापड मीच शिवून चढवलंय. आज फोनवर फोटो दाखवून म्हणते, "आजी, खिळ्याला अडकून फाटलं. उद्या हॉलवर येऊन शिव ना."

"इकडे आण की."

"चौकट तिथंच आहे गं. सातला ये."

खिळ्यानं फाटलं तर सुतं लोंबतात. ही चीर कशी सरळ? कात्रीचीच! आणि सातलाच का, वाजवायच्या वेळेला? कान दुखतात म्हणून मी तिचं वाजवणं कधी ऐकलं नाही, त्यावरून रुसलीय पोर. चांगलं कापड कापलं, मेलीनं! लिहिताना हसू येतंय.

कात्रीचं बोलले नाही. सुई-दोरा पिशवीत घातलाय. कानाला कापूसही घेतलाय, थोडासाच.